आठ अंश उजवीकडे

पंखाखाली रेल्वेचा पूल दिसायला हवा होता; तिथे नुसती शेतं होती.

विमान ती चालवत होती. तिच्या मांडीवर नकाशा, त्यावर पेन्सिलीची सरळ रेघ – साठ मैलांची. शेजारच्या आसनावर हवामान कार्यालयातला तो, पायांशी बॅग, खिशात बदलीचा हुकूम. दोन वर्षं रोज सकाळी वाऱ्याचा कागद तिच्या हाती देताना त्याची बोटं क्षणभर रेंगाळत. शब्द मात्र ओठांचा उंबरठा कधी ओलांडत नसत. आज तीच त्याला नव्या गावी पोहोचवायला निघाली होती. उरले होते तीस मैल.

"तो बघ, पूल!" उजवीकडे, दूर, एक काळी काडी... "दोन मैल डावीकडे वाहवलोय आपण. उजवीकडून मंद झुळूक, असं सकाळी कुणी लिहिलं होतं?"

"झुळूकच होती गं. तुला पाहून चेव आला असेल तिला."

"थापा पुरेत. हिशेब सांग."

त्याने बोटांवर आकडेमोड केली. "साठ मैलांत एक मैल सरकलं, की एक अंश. आपण निम्म्या वाटेतच दोन मैल... म्हणजे चार अंशांची चूक. चार अंश उजवीकडे घे."

"आणि मग?"

"मग काय? सुधारली चूक."

"वाढायची थांबली फक्त." ती हसली. "चारच वळलो, तर त्या रेघेला समांतर जात राहू – अगदी सभ्यपणे, शेवटपर्यंत. गाठ पडायची, तर आणखी चार हवेत."

तिने विमान आठ अंश वळवलं. पंखावरून ऊन घरंगळलं.

"तुझं दोन वर्षं हेच चाललंय, हवामानसाहेब. वळतोस... पण निम्मंच."

त्याची कानशिलं तापली. नंतरचे तीस मैल तो खिडकीबाहेर पाहत राहिला. धावपट्टी मात्र बरोबर नाकासमोर उगवली.

उतरल्यावर बॅग उचलून तो चार पावलं गेला. थबकला. आणि वळला – या वेळी पुरता.

"माझ्याशी लग्न करशील?"

तिने त्याच्याकडे एकदाच पाहिलं, घडी घातलेला नकाशा त्याच्या हातात ठेवला, आणि विमानाकडे चालू लागली. परतीची वाट तिला तोंडपाठ होती.

"अगं, उत्तर तरी दे!"

मागे कागदाची फडफड झाली. नकाशाच्या पाठीवर पुढच्या रविवारच्या फेरीचा तक्ता होता, सकाळीच तिने भरलेला: अंतर साठ मैल. प्रवासी दोन – माझे आई, बाबा. वाऱ्याचा रकाना तेवढा त्याच्यासाठी कोरा.

फडफड एकाएकी थांबली. तिने मात्र चाल तसूभरही बदलली नाही.