बुधवारचा गुप्त ग्राहक

“मी खरंच तशी वागले असते, तर मुकाट्यानं घरी बसले असते,” बाई म्हणाल्या. “पण त्या दिवशी मी मोबाईलला हातसुद्धा लावला नव्हता हो.”

त्यांनी पर्समधून एक पत्र काढलं आणि टेबलावर पालथं ठेवलं. स्वतःच्या नावाचा तो कागद त्यांना बघवत नसावा.

वहिनींनी तो सुलटा करून वाचला आणि भाऊजींकडे सरकवला.

वहिनींनी विमा कंपनीत पंचवीस वर्षं खोटे दावे हुडकून काढले होते. निवृत्तीनंतर घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी खासगी तपासाचं काम सुरू केलं. मदतीला धाकटे दीर, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. ते त्यांना वहिनी म्हणत, त्या त्यांना भाऊजी. आणि आता येणारे-जाणारेही तेच म्हणू लागले होते.

पत्र बुटांच्या कंपनीचं होतं. अमुक तारखेला गुप्त ग्राहकाच्या तपासणीत सेवा असमाधानकारक आढळल्यामुळे बाईंना कामावरून कमी करण्यात येत आहे, एवढाच मजकूर. नोकरी एकोणीस वर्षांची.

“गुप्त ग्राहक म्हणजे काय?” भाऊजींनी विचारलं.

“कंपनी एका एजन्सीला काम देते. एजन्सी कुणाला तरी साधं गिऱ्हाईक बनवून पाठवते. तो बूट घालून बघतो, चार प्रश्न विचारतो आणि घरी जाऊन मार्क देतो. मोबाईलवर नाव नोंदवलं की कुणालाही हे काम मिळतं.”

“म्हणजे आपल्यासारखेच की!”

“आपल्यापेक्षाही कमी पैशांत,” वहिनी म्हणाल्या आणि बाईंकडे वळल्या. “वार कोणता, वेळ काय?”

“बुधवार. साडेचार ते पाच, आणि मी मोबाईलमध्ये गुंग होते, असं मॅनेजरांनी सांगितलं. खरं तर बुधवारी माझी सुट्टी असते. पण दुकानातल्या मुलीनं आदल्या संध्याकाळी पाळी बदलून मागितली, म्हणून मी गेले. त्या अर्ध्या तासात दोनच माणसं आली. एका आजोबांना मोजे हवे होते आणि दवाखान्यातल्या नर्सनं पांढरे बूट नेले. दोघंही नेहमीचे. अनोळखी माणूस आलाच नाही!”

“घरी काय म्हणतात?”

“यजमान म्हणतात, जाऊ दे, कशाला मागे लागतेस.” बाईंनी पदराच्या टोकाला पीळ घातला. “शेजारी मी रजेवर आहे असं सांगितलंय. जिन्यात कुणी भेटलं की मीच आधी मान खाली घालते. काही केलेलं नसताना.”

* * *

दुकानामागच्या कोठीत छतापर्यंत खोकी रचलेली होती. मॅनेजरनं दोघांना स्टुलं दिली आणि स्वतः उभाच राहिला.

“माझ्या हातात काही नव्हतं. वरून हुकूम आला.”

“पूर्ण अहवाल बघायला मिळेल?”

त्यानं थोडे आढेवेढे घेतले, मग संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. वहिनींनी मोठ्यानं वाचलं, “‘काउंटरवर वीस-बावीस वर्षांची मुलगी होती. मोबाईलमध्ये गुंग. या-बसा नाही. दोनदा हाक मारल्यावर मान वर केली.’ वीस-बावीस? बाई तर पन्नाशीच्या पुढच्या आहेत.”

“हे लोक घाईघाईत लिहितात हो. त्या वेळी काउंटरवर दुसरं कुणी नव्हतं, हे हजेरीवरून दिसतं.”

“मुलगी लिहिलंय, हे तुम्ही वर कळवलंत?”

मॅनेजरनं जवळचं एक खोकं उगाचच सरळ केलं. “विचारलं नाही त्यांनी. जुन्या माणसाचा पगार जास्त असतो. त्यांना एक माणूस कमी करायचाच होता. मी तोंड उघडलं असतं, तर…”

अहवालाला दुकानाच्या दर्शनी काचेचा फोटो जोडलेला होता. भाऊजी पुढे वाकले.

“वा! काय मांडणी आहे! तपकिरी बूट मागे, लाल चपला पुढे. आणि कुठं किमतीच्या चिठ्ठ्यांची लुडबूड नाही. नजर कशी सरळ रंगावर जाते.”

“मांडणी कुणी केली?” वहिनींनी विचारलं.

“बाईंनीच. त्या बुधवारच्या आधीच्या शनिवारी, दुकान उघडायच्या आत. फोटो काढून आमच्या ग्रुपवर टाकला. अकराला मी आलो आणि चिठ्ठ्या लावल्या. तेव्हापासून काच तशीच आहे.”

“ग्रुपमध्ये कोण कोण?”

“आम्ही तिघंच. बाई, मी आणि ती मुलगी.”

“पाळी बदलल्याचं तुम्हाला माहीत होतं?”

“माहीत म्हणजे? माझी सही लागते.”

ती मुलगी बाहेर काउंटरवर होती. वहिनींना बघताच ती चपलांचा जोड पुसू लागली. तो आधीच लखलखत होता.

“बुधवारची पाळी का बदललीस गं?”

“मावशी आजारी होती.”

“कुठली मावशी?”

मुलगी कानापर्यंत लाल झाली. “मुलाखत होती,” ती हळूच म्हणाली. “समोरच्या कपड्यांच्या दुकानात. नाही मिळाली नोकरी. प्लीज, सरांना नका सांगू. काकूंना काढल्यापासून मी त्यांना एक फोनही केला नाही. माझ्या जागी उभ्या राहिल्या म्हणून त्यांची नोकरी गेली. काय तोंडानं फोन करू?”

* * *

संध्याकाळी साडेसहाला दोघं बाईंच्या घरी गेले. दोन खोल्या, नीट आवरलेल्या. यजमान नुकतेच आले होते. गोदामात मालाच्या नोंदी ठेवायचं त्यांचं काम. सकाळी आठला निघत, सहानंतर परतत. इस्त्रीचा शर्ट, पण बुटांचे तळवे पार झिजलेले.

“यांना चालायचा भारी नाद लागलाय हल्ली,” बाई कौतुकानं म्हणाल्या. “दुकानात जोड बदलून देते म्हटलं, तर येतच नाहीत.”

वहिनींनी काचेच्या फोटोबद्दल विचारलं.

“हो, ग्रुपवर टाकला आणि यांना पाठवला. यांच्याकडून उत्तर म्हणून नुसता अंगठा आला.”

“बुधवारची बदललेली पाळी घरी सांगितली होतीत?”

“त्यात काय सांगायचं? हे आठला गेले, मी नऊला निघाले. संध्याकाळी यांच्या आधी परतले. आणि पत्र आलं त्यात तारीख होतीच.”

यजमान खाली बघत होते.

“मला त्या गुप्त ग्राहकाचा राग येतो,” भाऊजी म्हणाले. “आयते पैसे घेऊन माणसाच्या पोटावर पाय!”

“आयते कसले?” यजमान एकदम बोलले. “एका दुकानाचे दीडशे. जाण्यायेण्यातच साठ-सत्तर जातात. वर दोन तास फॉर्म भरायचा. सगळं उत्तम लिहिलं, तर एजन्सी परत पाठवते, पैसे बुडतात. कुठं तरी एक उणं दाखवावंच लागतं.” मग ते थांबले. “असं… असं वाचलंय कुठं तरी.”

“परवडत नाहीच मग,” भाऊजींनी सहानुभूतीनं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनींनी भाऊजींना एक बंद पाकीट देऊन गोदामावर पिटाळलं. यजमानांच्या हातातच द्यायचं, असं बजावून.

तासाभरानं भाऊजी पाकिटासकट परतले. “कुलूप होतं. जेवायची सुट्टी असेल.”

“कुलूप कसं होतं?”

“कसं म्हणजे? गंजलेलं.”

वहिनींनी पाकीट टेबलाच्या खणात टाकलं. “उद्या सकाळी नऊला सगळ्यांना दुकानात बोलवा,” त्या म्हणाल्या. “यजमानांनासुद्धा.”

* * *

शटर अर्धं खाली होतं. गिऱ्हाइकांच्या बाकांवर चौघं बसले होते. बाई आणि यजमान एका बाकावर, मॅनेजर आणि मुलगी समोर. भाऊजी आरशाजवळ उभे राहिले.

“या अहवालात लिहिलेला ग्राहक बुधवारी दुकानात आलाच नाही,” वहिनींनी सुरुवात केली. “अहवाल कुठं तरी बसून रचलाय. पुरावा फोटोचा. त्यात किमतीच्या चिठ्ठ्या नाहीत. मांडणी शनिवारी सकाळची, चिठ्ठ्या अकराला लागल्या. म्हणजे फोटो बुधवारचा नाही, त्या मधल्या वेळेतला आहे. आणि तो हुबेहूब ग्रुपवरचाच आहे, बाईंनी काढलेला.”

“मी?” बाई दचकल्या.

“काढला तुम्ही, वापरला दुसऱ्यानं. तो तिघांकडे गेला होता. मॅनेजर, ही मुलगी आणि यजमान.”

मॅनेजरनं रुमाल काढला.

“मॅनेजरांनी हे केलं असतं, तर पन्नाशीची बाई असं लिहिलं असतं. वीस-बावीस लिहून ते आपलं खोटं स्वतःच उघडं कशाला पाडतील? आणि ही मुलगी स्वतःचंच वर्णन करून स्वतःवर ठपका का ठेवेल? दोघांनाही पाळी बदललेली ठाऊक होती. लिहिणाऱ्याला ती ठाऊक नव्हती. बुधवारी बाईंची सुट्टी असते आणि काउंटरवर ही मुलगी असते, एवढंच तो जाणून होता. बाईंना दुखवायचं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. उलट त्या नाहीत असा दिवस बघून त्यानं लिहिलं.”

वहिनींची नजर यजमानांच्या बुटांवर गेली.

“त्याला या कामाचा दर माहीत आहे. खर्च माहीत आहे. सगळं उत्तम लिहिलं की पैसे बुडतात, हेही माहीत आहे. आणि हे वाचून कळत नाही. दिवसभर चालून त्याच्या बुटांचे तळवे गेलेत. ज्या गोदामात तो रोज जातो, त्याच्या कुलपाला गंज चढलाय. एका दिवसात चढत नाही तो.”

भाऊजींनी कपाळाला हात लावला.

“तीन महिने,” यजमान म्हणाले. ते उभे राहिले होते, कधी ते कुणाला कळलं नाही. “गोदाम बंद होऊन तीन महिने झाले.”

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

“सार्वजनिक वाचनालयात बसतो. तिथूनच फॉर्म भरतो. सुरुवातीला प्रत्येक दुकानात जायचो, खरं तेच लिहायचो. मग हिशेब केला, तर हातात चहापुरतं उरत होतं. लांबची दुकानं बसूनच लिहायला लागलो. त्यात हे दुकान आलं. इथं पाऊल टाकलं असतं, तर सगळ्यांनी ओळखलं असतं. नाही म्हणावं, तर दोन नकारांनंतर काम बंद होतं. म्हटलं, लिहू. आधीचा चांगला अहवाल परत आला होता, म्हणून एक उणं घातलं.”

“मला काढलं, त्या दिवशी सांगायचं होतंत,” बाई म्हणाल्या. “अकरा दिवस झाले. मी रात्रंदिवस आठवत बसलेय, कुणाला काय बोलले, कुणाला बसा म्हटलं नाही.”

“रोज सांगणार होतो. पण एक सांगितलं, की दुसरंही सांगावं लागलं असतं.”

“आणि मी नसते, ही असती तर?” बाईंनी समोरच्या मुलीकडे बोट केलं. “हिची नोकरी गेली असती, तर मी घरी येऊन सांगितलं असतं, बिचारीला काढलं हो. तेव्हा काय म्हणाला असतात?”

यजमान मुलीकडे वळले आणि त्यांनी हात जोडले. ती गोंधळून उठली, “काका, नका ना,” म्हणाली आणि रडू लागली.

“अहवाल खोटा आहे, असं मी माझ्या नावानं लिहून देतो,” यजमान म्हणाले. “एजन्सीलाही आणि कंपनीलाही.”

“आणि वर्णन मुलीचं होतं, हे मी लिहितो,” मॅनेजर पुटपुटला. “तेव्हाच लिहायला हवं होतं.”

* * *

वहिनी आणि भाऊजी रस्त्यावर आले. केस सुटली की वहिनी चहा घेत, दुसऱ्या केसबद्दल बोलू लागत. आज त्या नुसत्याच चालत होत्या.

“वहिनी, एक विचारू?” भाऊजी म्हणाले. “काल कुलूप ऐकलंत तेव्हाच तुम्हाला कळलं होतं ना?”

“हो.”

“मग त्यांना एकट्याला गाठून का नाही सांगितलं? सगळ्यांसमोर, बायकोशेजारी बसवून…”

“मला वाटलं, सगळे बसलेत म्हटल्यावर तो आधीच बोलेल.”

“तुम्ही बुटांचे तळवे, कुलूप, एकेक करून काढत होतात. तो कसा बोलणार?”

वहिनी थांबल्या. पंचवीस वर्षं माणसांचं खोटं उघडं पाडताना असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. त्यांचा चेहरा उतरला.

“मजा येत होती मला,” त्या शेवटी म्हणाल्या. “तो खचत होता आणि मला पुढचा मुद्दा सुचत होता.”

वहिनी मागे वळून दुकानाकडे निघाल्या.

दुकानाचं शटर आता पूर्ण वर होतं. वहिनी दारातच थांबल्या. मॅनेजर फोनवर वरच्या कुणाला तरी ठासून सांगत होता, बाई आजपासून परत काउंटरवर आहेत. यजमान जायला निघाले होते, आणि बाई त्यांच्यासमोर उभ्या होत्या.

“वाचनालयात जायचं नाही,” त्या म्हणाल्या. “घरीही नाही.”

“मग कुठं?”

“इथं बसा. या बाकावर. मी सुटेपर्यंत. येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसू दे.”

“अगं, लोक विचारतील.”

“विचारू देत. मी सांगेन, माझे यजमान आहेत, यांची नोकरी गेलीय, काम बघताहेत.” त्यांनी मान खाली घातली नाही. “तीन महिने तुम्ही एकट्यानं लाजलात. आता दोघं मिळून लाजू.”

यजमान बसले. बाकाच्या अगदी कडेला, हात गुडघ्यांवर ठेवून. थोड्या वेळानं एक गिऱ्हाईक आलं, म्हणालं, “जरा सरकता का?” आणि ते सरकले.