हिरव्या कोटामागे

विभावरीचे सासरे, राइनहोल्ड, मुळातच कमी बोलणारे. सासूबाई गेल्यापासून तर फारच कमी. म्हणून डिसेंबरातल्या त्या शनिवारी त्यांनी शिकारीला येतेस का असं विचारलं, तेव्हा तिला नाही म्हणवेना. जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या कारखान्यात गाड्यांचे ब्रेक तपासणारी, जन्मात अंडंही न खाल्लेली ही सून थर्मासमध्ये आल्याचा चहा भरून त्यांच्याबरोबर श्वार्त्सवाल्डच्या डोंगरात गेली. नवरा माटियास पायथ्याच्या घरीच राहिला. अंधारायच्या आत परतू, असं सासऱ्यांनी त्याला सांगितलं होतं.

दुपारभर दोघं मचाणावर बसली. हरीण काही दिसलं नाही. चहा मात्र सासऱ्यांनी पुन्हा मागून घेतला आणि सुनेचं पूर्ण नाव उच्चारायचा एक प्रयत्न केला. नाही जमलं. नेहमीसारखं "फिबा" म्हणून स्वतःशीच हसले.

मग झाडांवरचे कावळे गप्प झाले. एकाएकी वारा उठला आणि बर्फ असा कोसळू लागला, की समोरचं झाड दिसेना. सासरे म्हणाले, माझ्या पाठपिशवीचा पट्टा धर, काही झालं तरी सोडू नकोस.

तिने धरला. पण पाय खड्ड्यात गेला, ती पडली नि पट्टा सुटला. उठून पाहते तो चार पावलांवर त्यांचा हिरवा कोट. हायसं वाटून ती मागोमाग निघाली.

चालता चालता एकेक गोष्ट ध्यानात येऊ लागली. सासऱ्यांच्या अंगाला पाइपच्या तंबाखूचा वास असे. इथे वास येत होता तो वर्षानुवर्षं झाकलेल्या विहिरीचा, शेवाळी, गार. तिच्या बुटांखाली बर्फ करकरत होता. पुढच्या बुटांखाली... काहीच नाही.

जरा थांबता का, असं तिने जर्मनमध्ये विचारलं. कोट थांबला. वळला नाही.

"विभावरी," तो म्हणाला, "चल... थोडंच राहिलं."

स्वच्छ मराठीत. आई हाक मारते तसं.

तेवढ्यात दूर मागून, वाऱ्याने फाटलेली हाक आली. "फिबा..."

ती गर्रकन वळली आणि त्या वेड्यावाकड्या हाकेकडे पडत, रांगत निघाली. पाठीमागे कुणीतरी हलक्या आवाजात तिची समजूत घालतच होतं. तिने मागे पाहिलं नाही.

सासरे एका बुंध्याशी बसले होते, पाय मुरगळलेला. त्यांनी तिचे दोन्ही हात घट्ट धरले. तुझ्या आवाजावरून कळलं, तू कड्याकडे चालली होतीस, ते म्हणाले, तिकडे वाटच नाही. कुणाच्या मागे, हे त्यांनी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. त्यांनी बंदुकीचे बार काढले, थांबून पुन्हा काढले, आणि बऱ्याच वेळाने खालून ट्रॅक्टरचे दिवे हलत वर आले. माटियास आणि शेजारी.

घरी शेगडी धगधगत होती. बटाट्याचं सूप पोटात गेलं तशी विभावरी आधी रडली, मग हसली. सासरे पाय उशीवर टाकून म्हणाले, पुढच्या वेळी आपण मासे पकडायला जाऊ. मासेही नकोत, ती म्हणाली, आणि म्हातारा इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळे जिवंत होते. घरात ऊब होती. आणखी काय हवं?

माटियास तिचे ओले केस पुसत होता. हात थांबवून त्याने हळूच विचारलं, "तू फोनवर असं का बोललीस?"

"कुठला फोन?" तिचा फोन मचाणावरच गारठून बंद पडला होता.

"तुझ्याच नंबरवरून आला. मराठीत बोलत होतीस, मला थोडंच कळलं. पोचलो, सुखरूप आहोत, येऊ नका." त्याने टॉवेल बाजूला ठेवला. "मी निघालोही नसतो. पण तू मला 'अहो' म्हणालीस, आजवर कधीच म्हटलं नाहीस..."