अष्टमकरांच्या डबीतले दोन दाणे

रायगड जिल्ह्याच्या इतिहासात इतकी धाडसी, इतकी थंड डोक्याची आणि इतकी भयानक चोरी पूर्वी कधी झाली नव्हती आणि पुढेही कधी होणार नाही. चोरीला गेलेला ऐवज तुरीच्या दोन दाण्यांएवढा होता. वजनालाही साधारण तेवढाच.

सन १९९४चा मे महिना, सोमवारची सकाळ. पेणच्या बाजारामागे 'सगुणा म्हात्रे, खाजगी तपास' अशी एक पाटी होती आणि तिच्याखाली, जरा मोठ्या अक्षरांत, 'पोह्याचे पापड मिळतील'. दारात एक मुलगी धापा टाकत उभी राहिली, तेव्हा सगुणाबाईंचा दीर नाथा याने तिला पापड किती हवेत ते विचारले.

"पापड नकोत. माझ्या भावाला चोर ठरवलाय."

"मग आत ये गो," आतून आवाज आला. "भाऊजी, पंखा लावा."

सगुणाबाईंची सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून गेली होती. माणसे काय सांगतात यापेक्षा बोलता बोलता काय सांगून जातात, ते ऐकायची सवय त्यांना तिथे लागली. नाथालाही ऐकायला आवडे, पण स्वतःचे.

मुलीचे नाव दिशा. ऑर्केस्ट्रात गायची. तिचा भाऊ सुशील त्यातच कीबोर्ड वाजवी, आणि रोह्याचा निसीम अष्टमकर गिटार.

"निसीम डब्या बनवतो," दिशा म्हणाली. "गिटारची वायर डबीत घालायची, पायानं बटण दाबायचं, की आवाज फाटतो."

"म्हणजे बिघडतो?" नाथाने विचारले.

"नाय ओ काका. फाटलेलाच पायजे असतो. पण चांगला फाटायला लागतो."

"बरं," नाथा म्हणाला. काही समजले नाही की तो 'बरं' म्हणत असे.

चांगले फाटण्याचे काम त्या डबीत दोन जुने ट्रान्झिस्टर करत. ट्रान्झिस्टर म्हणजे रेडिओ नव्हे, रेडिओच्या पोटातला दाणा. निसीमच्या वडिलांनी मागे ठेवलेल्या मालातली ती शेवटची जोडी. गुरुवारी मुंबईहून एक ध्वनिमुद्रणवाला खास ती डबी ऐकायला येणार होता. रविवारी दुपारी हमरापूरला पुतळीबाईंच्या गणपतींच्या शेडमध्ये तालीम झाली. तालमीनंतर सगळे जेवायला गेले, सामानापाशी एकटा सुशील राहिला. निसीमने रोह्याला जाऊन बटण घट्ट करायला डबी उघडली, तर आत जुन्या दाण्यांच्या जागी दोन नवे कोरे.

"तसाच उलट पावली आला आणि दादाच्या अंगावर धावून गेला. आज संध्याकाळी पोलिसात देतो म्हणालाय." दिशा खुर्चीच्या कडेवर टेकली. "बुधवारी दादाला डोलवीच्या कंपनीत हजर व्हायचंय. पोलिसांचा दाखला लागतो. तक्रार गेली की दाखला गेला, दाखला गेला की नोकरी गेली. दोन वर्षं कंत्राटदाराच्या मागं फिरलाय तो, बाई."

सगुणाबाईंनी पायात चपला घातल्या. पापडांना कुलूप लावले.

*

हमरापूरच्या शेडमध्ये पांढरे गणपती ओळीने बसले होते. डोळे अजून कोणालाच नव्हते, त्यामुळे साक्षीदार म्हणून ते निरुपयोगी होते. वर पत्रा, खाली माणसे, मध्ये भट्टी.

सुशील कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. "मी घेतले नाय. विचारायचं असेल ते विचारा."

"सोल्डरिंगची, डाख द्यायची इस्त्री आहे तुझ्याकडे?"

"हाय. कीबोर्ड मीच दुरुस्त करतो."

"ऐकलंत का, वहिनी!" नाथा कुजबुजला. त्याची कुजबुज रस्त्यापर्यंत पोचत असे.

"कीबोर्ड उघडून दाखव," सगुणाबाई म्हणाल्या.

सुशीलने पट्टी काढली. आतले सगळे भाग सर्किटच्या पाटीला घट्ट चिकटून बसले होते. "तारांचे पाय बुडातून कापतो मी. लांब ठेवले तर हलून एकमेकांना लागतात."

"काल डबी कशी वाजली?"

"एक नंबर. सगळी तालीम. निसीमच म्हणाला, आवाज आज कडक आहे, नवा सेल टाकल्याचा गुण."

पुतळीबाई एका मूर्तीच्या सोंडेवर ब्रश फिरवत होत्या. त्या मान न वळवता म्हणाल्या, "काल माझं पाणी तरी वाचलं."

"ते कसं?"

"एरवी ह्यांची तालीम म्हणजे माझा माठ रिकामा. ती डबी गरम झाली की तिचा घसा बसतो. मग हा सुशील फडकं भिजवतो, तिच्या डोक्यावर ठेवतो, परत भिजवतो. आजारी पोराची येवढी सेवा कोण करत नाय. काल एकदा पण उठला नाय. आणि काल ऊन असं, का माझा रंग हात लावीपर्यंत वाळला!"

"तुम्ही जेवणाच्या वेळी कुठं होतात?"

"इथंच. हा झोपला होता. घोरत होता. बाप्पाची शप्पथ."

बाहेर येताच नाथाने निकाल दिला. "पुतळीबाई! पाण्याचा जुना राग. वरून शपथ. निरपराध माणूस शपथ कशाला घेईल?"

"भाऊजी, एसटी बघा. रोहा," सगुणाबाई म्हणाल्या. "आणि दिशा, तू सुशीलला घेऊन मागच्या गाडीने ये."

*

अष्टमकरांचे घर रोह्याला अष्टमीच्या बाजूला होते. पुढे राहते घर, मागे निसीमच्या वडिलांचे, एलियाहशेटचे, रेडिओ दुरुस्तीचे दुकान. एलियाहशेट वारले होते, भाऊबंद इस्रायलला गेले होते, दुकान बंद होते. तरी दुकानातला जुना कारागीर पोपटकाका रोज येऊन टेबल पुसून जाई. आताही पुसत होता.

निसीमने नवा शर्ट चढवला होता. पोलीस ठाण्यात जायचे म्हणून भांगही पाडला होता.

"मला तपास नकोय. चोर ठाऊक आहे," तो म्हणाला. "आज तक्रार देणार म्हणजे देणार."

"जरूर द्या. पण तक्रारीत काय गेलं ते लिहावं लागेल. मला नीट सांगा."

हा प्रश्न निसीमला कोणी कधी विचारला नसावा. तो एकदम खाली बसला.

"जर्मेनियमचे होते ते, बाई. आता कोणी बनवत नाही. मुंबईच्या बाजारात जुने म्हणून देतात, घरी आणून बघावं तर निम्मे मेलेले आणि बाकीचे नंबर पुसून पुन्हा छापलेले. बाबांच्या खणातले मूठभर तपासून तपासून मी ही जोडी जुळवली. आवाज कसा, तर लोकर! पण फार नाजूक. गरमीत गळतात, म्हणजे आतून वीज झिरपते, आणि घसा बसतो. सोल्डर मारतानासुद्धा पाय चिमट्यात धरायचा, नाहीतर ऊब पायातून वर चढते आणि दाणा मरतो. नवे सिलिकॉनचे म्हणजे दगड. तापवा, भाजा, ढिम्म." त्याने डबी उघडून पुढे सरकवली. "हे बघा, दगड लावलेत. तेही घाईत. पाय कापायलासुद्धा थांबला नाही हरामखोर."

दोन चकचकीत दाणे बगळ्यासारखे लांब पायांवर उभे होते. प्रत्येक पायात बारीक पिवळी नळी ओवलेली होती. सगळ्या नळ्या एका मापाच्या.

सगुणाबाईंनी बराच वेळ बघून झाकण लावले. "तुमचे दोन्ही दाणे शेवटचे कधी पाहिलेत?"

"शुक्रवारी. दिवस मावळायच्या आधी वाजवून पाहिलं, नवा सेल टाकला आणि झाकण लावलं. मग आम्हा ज्यूंचा शब्बाथ, विसाव्याचा वार. शनिवारी आम्ही हत्याराला हात लावत नाही. रविवारी सकाळी डबी तशीच उचलून हमरापूर."

दारात पांढऱ्या केसांच्या हन्नाबाई उभ्या होत्या, निसीमच्या आई. "चहा घ्याल ना? आज सोमवार, मीच करते. शनिवारी आमच्यात विस्तव पेटवत नाय. तेव्हा पोपट येतो, स्टो पेटवतो, मला चहा देतो. ह्यांच्या वेळेपासनं."

"म्हणजे शनिवार तुमचा आरामाचा."

"कसला आराम! ह्या शनिवारी दुपारी जरा डोळा लागला, तर हे स्वप्नात. मागं दुकानात बसलेत. राळेचा वास सुद्धा आला, सोल्डर मारताना येतो तसा. मी झोपेतच ओरडले, अहो, शब्बाथला काय हे! जन्मात कधी शनिवारी इस्त्री धरली नाय त्यांनी, आणि मेल्यावर ही थेरं."

पोपटकाकाचे फडके टेबलावर थांबले, मग पुन्हा फिरू लागले.

"पोपटकाका, डबी ऐकलीत तुम्ही?" सगुणाबाईंनी विचारले.

"शुक्रवारी ऐकली. दमेकऱ्यासारखी वाजत व्हती. येवढ्या लांबून माणूस येणार, शेटच्या घरचा माल म्हणून ऐकणार..." त्याने फडके झटकले. "रविवारी मी रोह्यातच व्हतो. कोणालापन विचारा."

त्याला रविवारचे कोणी विचारले नव्हते.

निसीम उठला. "झालं? मी निघतो."

"सुशील येतोय. तोंडावर सांगून जा."

"त्याचं तोंड बघायचं नाय मला!" पण तेवढ्यात सुशील आणि दिशा दारात आलेच. निसीम मुठी वळून पुढे झाला. सुशील जागचा हलला नाही. दिशा मध्ये उभी राहिली.

"सगळे दुकानात चला," सगुणाबाई म्हणाल्या. एक्स्चेंजमध्ये त्या याच आवाजात 'वेळ संपली' म्हणत. निसीमसुद्धा मुकाट्याने आत गेला.

*

"निसीम, दाणे कधी बदलले?" सगुणाबाईंनी सुरुवात केली.

"रविवारी जेवणाच्या वेळी. दुसरी वेळच नाही!"

"त्याच्या आधी, भर उन्हात, तापल्या पत्र्याखाली, तुम्ही सगळी तालीम वाजवलीत. एरवी अशा गरमीत डबीचा घसा बसतो, फडकं भिजवून भिजवून माठ संपतो. काल फडकं कोरडं राहिलं. का?"

निसीमने डबी पुढे ओढून झाकण उघडले.

"जर्मेनियमचे दाणे कालच्या उन्हात गळायलाच हवेत, हे तुम्हीच सांगितलंत. गळले नाहीत, म्हणजे तालीम सुरू झाली तेव्हाच आत दगड होते. आवाज कडक लागला तो त्यांच्यामुळे. तुम्ही श्रेय दिलंत सेलला."

"म्हणजे मी... दगडावर वाजवलं?"

"आणि खूश होतात."

निसीमला चोरीपेक्षा हे जास्त लागलेले दिसले.

"जेवणाच्या वेळी काही झालंच नाही, तेव्हा सुशील सुटला. दाणे बदलले ते शुक्रवार संध्याकाळ ते रविवार सकाळ, या घरात. आता कोणी? तुम्ही म्हणालात, घाईत लावले, पाय कापले नाहीत. घाईतला माणूस प्रत्येक पायात मापून नळी ओवतो? हे काम सावकाश, सवयीनं झालंय. पाय लांब कोण ठेवतो? ज्याला ऊब वर चढायची भीती असते तो. पण सिलिकॉनला ती भीती नाही. सुशील पाय बुडातून कापतो, मी त्याचा कीबोर्ड पाहिला. ज्याचा हात जर्मेनियमच्या काळात शिकला, त्याचाच हात दगडालासुद्धा जपतो. त्याला ते कळतही नाही."

"एलियाहशेट!" नाथा ओरडला. "वहिनी, भूत!"

"भाऊजी, बसा. हन्नाबाई, तुम्हाला वास आला तो खरा होता. शनिवारी दुपारी तुम्ही झोपलात, निसीम हत्याराला शिवत नाही, आणि या घरात विस्तव पेटवायला एकच माणूस येतो. स्टो पेटवल्यावर त्याने इस्त्रीही तापवली."

कोणी वळून पाहिले नाही. पाहायची गरज नव्हती. फडके खाली पडले होते.

"चोरी नाय केली," पोपटकाका म्हणाला. "दुरुस्ती केली. मीटर लावला, दोन्ही गळके. गळका माल घराबाहेर जाऊ द्यायचा नाय, असं शेटनी शिकवलं मला. मुंबईचा माणूस येणार, त्याच्यासमोर घसा बसला असता तर नाव कोणाचं गेलं असतं?"

"दाणे कुठं आहेत?" निसीम त्याच्यापुढे गेला. "काका, फेकले?"

पोपटकाकाने कनवटीची तंबाखूची डबी काढली. तंबाखू नव्हती. कापसावर दोन मळकट दाणे निजले होते. निसीमने ती डबी छातीशी धरली.

"आणि हा पोरगा?" सगुणाबाईंनी सुशीलकडे बोट केले. "याचं नाव घेतलं तेव्हा का गप्प बसलात?"

"काल निसीम 'चोर, चोर' करत आला. 'कोणी दुरुस्त केलं' म्हणाला असता तर मी पुढं झालो असतो. वाटलं, राग उतरेल. नाय उतरला." म्हातारा भिंतीला टेकला. "मग भ्यालो. हे दार बंद झालं तर शनिवारी मी जायचं कुठं?"

हन्नाबाईंनी त्याच्यापुढे चहाचा कप सरकवला. "पी. आणि पुन्हा शब्बाथला माझी झोपमोड केलीस तर बघ."

निसीम हळूहळू सुशीलसमोर येऊन उभा राहिला. डोळे भरले होते. त्याने कोपऱ्यातली गिटार उचलून पुढे धरली.

"सुशील, मला माफ कर. मी तुझं आयुष्य बरबाद करायला निघालो होतो. माग, काय मागशील ते देतो. ही गिटार घे. डबी घे. माझ्या मुस्काटात मार."

दिशाने पदर डोळ्यांना लावला. नाथा हुंदका दाबत होता. सुशीलने स्वतःच्या शर्टची गळपट्टी चाचपली.

"काल धरलंस तेव्हा हे वरचं बटण तुटलं रे," तो म्हणाला. "बुधवारी हाच शर्ट घालायचाय. तेवढं लावून दे."