भाऊसाहेबांचा जबडा

चांद्रतळाच्या दवाखान्यात भाऊसाहेब टेबलावर निपचित पडले होते. भाऊसाहेब म्हणजे इग्वाना जातीचा हिरवागार सरडा. प्रयोगासाठी अंड्याच्या रूपात चंद्रावर आला आणि सगळ्यांचा लाडका होऊन बसला. डॉ. मुजावरांनी त्याचा जबडा बोटाने दाबला, तर तो रबरासारखा वाकला.

"हाडांत जीवच नाही. विभावरीताई, याचं तुमच्यासारखंच झालंय."

वनस्पतितज्ज्ञ विभावरी कारखानीस हसल्या नाहीत. चंद्रावर वजन सहापट कमी भरतं, म्हणून हाडं झिजतात. त्यांची तर फारच झिजली होती. उद्याच्या यानाने त्यांना कायमचं पृथ्वीवर परतायचं होतं. हाडांपेक्षा त्यांना दुःख होतं ते बागेतला पालक सोडून जाण्याचं. चंद्राच्या मातीतलं कॅल्शियम शोषणारा तो पालक त्यांनी सात वर्षं पोटच्या पोरासारखा वाढवला होता.

"पण डॉक्टर, हा तर फिरत्या खोलीत राहतो," त्या एकदम म्हणाल्या. "तिथे वजन पृथ्वीइतकंच भरतं. मग याची हाडं का झिजावीत?"

"खातो काय?"

"माझा पालक. कॅल्शियम भरपूर आहे त्यात. मी पानं जाळून राखेत मोजलंय."

"राखेत! अहो, पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला घट्ट धरून बसतं. जाळल्यावर ते सुटतं, पोटात सुटत नाही. उलट बाकीच्या अन्नातलंही पकडून बाहेर नेतं."

"मग या ठोंबऱ्यांची हाडं ठणठणीत कशी? तेही पालकच खातात."

दारात उभे असलेले यंत्रज्ञ ठोंबरे कानकोंडे झाले. "ताई, रागावू नका. तुम्ही इतक्या आग्रहाने वाढता, नाही म्हणवत नाही. माझा वाटा रोज भाऊसाहेबांच्या पोटात जातो."

विभावरींना स्वतःचं ताट आठवलं. सगळ्यांचा उरलेला पालक रोज त्याच संपवत होत्या, टाकवत नाही म्हणून.

"म्हणजे सगळा दोष चंद्राचा नाही!" डॉक्टर आनंदले. "पालक बंद करा, हाडं सावरतील. आता परत कशाला जाताय? राहा इथेच, आपल्या बागेत."

"कसल्या बागेत, डॉक्टर? पालकाशिवाय आहे काय तिथे?"

विभावरींना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"यान माझ्याशिवाय जाऊ दे," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. मग बागेत गेल्या आणि पालकाचा पहिला वाफा स्वतःच्या हाताने उपटायला बसल्या.