मागच्या खोलीतली शिकवणी

तोमासा झेंडूची फुलं आणायला निघाली होती, एवढंच. मृतांचा सण होता. सांतियागो गावात त्या दिवशी उंबरठ्यापासून गेलेल्यांच्या फोटोपर्यंत पाकळ्यांची वाट घालतात, म्हणजे आलेल्यांना घर सापडतं. आणि दुपारी दफनभूमीवर कागदी पतंग चढवतात. पतंगाच्या कमानीला कागदाची झालर असते, ती वाऱ्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घुमते. तो आवाज ऐकला की जेवून रेंगाळणारे मृतही परत आपल्या वाटेला लागतात.

बरोबर इंगविल्ड होती. नॉर्वेची नर्स. डोंगरातल्या दवाखान्यात काम करायचं म्हणून ती गावच्या शाळेत स्पॅनिश शिकायला आली होती, आणि अशा विद्यार्थ्यांना घरी ठेवून जेवूखाऊ घालणं हा तोमासाचा जुनाच व्यवसाय. पोरगी आली तेव्हा तिला मीठसुद्धा धड मागता येत नव्हतं. पुढे मात्र तिची भाषा अशी वाढली की तोमासाचा नवरा वेनान्सियो थट्टा करू लागला. जेवायला बसताना ती म्हणायची, “आपली अनुज्ञा असेल तर मी भोजनास आरंभ करते.” वेनान्सियो म्हणे, हिला आता आमच्या आबांची टोपी आणि छडी द्या, म्हणजे झालं.

आबा म्हणजे मास्तर इलारियो. गावच्या शाळेत त्यांनी जन्म काढला. वर्गात कुणी स्पॅनिश सोडून काक्चिकेल बोललं, म्हणजे घरात आई बोलते ती भाषा बोललं, की मास्तर त्याच्या जिभेवर खडूचा तुकडा ठेवत. तो विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नाही. तोमासा लहान असताना एकदा तिला तहान लागली आणि तोंडातून आईच्या भाषेत ‘मास्तर, पाणी’ निघून गेलं. पुढे ती त्याच मास्तरांची सून झाली. पण त्या दिवसानंतर ती भाषा तिनं स्वतःच्या लेकरांशीही बोलली नाही. मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली, तरी नाही.

बाजारात फुलं निवडत असताना इंगविल्डचा फोन वाजला. पलीकडे तिची आई होती, आवाज तोमासाच्याही ओळखीचा झाला होता. इंगविल्ड ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. मग ती स्पॅनिशमध्ये, अदबीनं म्हणाली, “क्षमा असावी, बाई. आपण काय म्हणता, ते मला समजत नाही.”

फोनमधून रडण्याचा आवाज येऊ लागला. तोमासाचा हात फुलांतच थांबला.

घरी येताना तिनं हळूच विचारलं. पोरगी सहज सांगत होती, जणू सगळ्यांना ठाऊकच आहे. दुपारी तिच्या मागच्या खोलीत भिंतीपलीकडून ते शिक्षक शिकवतात ना, फार छान शिकवतात. मात्र एक शब्द दिला की तिच्या भाषेतला एक मागून घेतात. आता तिच्याकडे द्यायला फारसं काही उरलेलं नाही. वारलेल्या आजीला काय म्हणून हाक मारायची, तेवढं एक राहिलंय बहुतेक... तेही ते आज घेणार आहेत.

त्या भिंतीपलीकडे मक्याच्या शेताशिवाय काही नव्हतं.

“जीभ दाखव, पोरी,” तोमासा म्हणाली.

जीभ पांढरीफटक होती. कोरडी, भुकटी धरलेली.

तेव्हा तोमासाला उमगलं. गेल्या सणाला अवेळी पाऊस आला होता. सगळे पतंग भिजले, दफनभूमीवर एकही चढला नाही. गावानं पाकळ्या घालून आपल्या माणसांना आत घेतलं होतं, पण परत पाठवलंच नव्हतं. बाकीचे समजूतदार, आपापले गेले असतील. मास्तर राहिले.

तिनं वेनान्सियोला अंगणात गाठलं. तो मोठा पतंग खांद्यावर घेऊन निघतच होता. तिचं ऐकून तो हसला नाही. उघड्या दारातून क्षणभर बापाच्या फोटोकडे बघत राहिला, आणि मोठा पतंग भिंतीला टेकवून लहान घेतला. “दोर खिडकीतून आत घे,” तो म्हणाला. “खाटेच्या पायाला बांध. वारा मी बघतो.”

मागच्या खोलीत बाहेरचं ऊन शिरत नव्हतं. खडूचा वास इतका दाट होता की घसा चिकटत होता. इंगविल्ड खाटेवर ताठ बसली होती, हात गुडघ्यांवर, शाळेतल्या मुलीसारखे. ओठ हलत होते. भिंतीतून आवाज येत होता... टक्. टक्. बाकावर छडी आपटल्यासारखा.

तोमासानं दोर बांधला. या आवाजापुढे आयुष्यात कधी तिची मान वर झाली नव्हती. टक्. इंगविल्डनं तोंड उघडलं, शेवटचा शब्द द्यायला.

“मास्तर,” तोमासा म्हणाली, “पाणी पाहिजे.”

आईच्या भाषेत म्हणाली. जुन्या तहानेसकट ते शब्द वर आले. मग आणखी आले. थांबेचनात. शेंगा सोलताना आई म्हणायची ते, मेलेल्या भावाला चिडवायचे ते, नवऱ्याला कधीही न सांगितलेले. छडी जोरजोरात आपटू लागली. ती आणखी मोठ्यानं बोलू लागली. भिंतीचा गिलावा पांढऱ्या भुकटीसारखा झरत होता.

बाहेर वाऱ्यानं पतंग उचलला. झालर घुमली, आणि तो घुमारा दोरावरून खाली उतरत खाटेत शिरला. सबंध खाट पोळ्यासारखी गुणगुणू लागली. तोमासानं पोरीची मूठ दोरावर आवळली.

इंगविल्डचे डोळे भरले. “मोरमोर,” ती म्हणाली. आजी. पुन्हा म्हणाली. आणि मग अडखळत, रडत, तिनं आजीचं एक अंगाईगीत धरलं. दोर एकाएकी असा ताणला गेला, जणू वरून कुणी हातावर हात टाकत उतरतंय.

छडीचा आवाज थांबला.

संध्याकाळी इंगविल्ड आईशी इतका वेळ बोलली की फोन तापला. आणि तोमासा दफनभूमीवर, सगळ्या गावासमोर, नातवंडांना काक्चिकेलमध्ये हाका मारत हिंडली. म्हाताऱ्या बाया वळून पाहत होत्या. मग एकीनं त्याच भाषेत ओ दिली. मग दुसरीनं.

सुगी आटोपल्यावर त्या खोलीत नवा विद्यार्थी आला, कोरियाचा दोयुन. एकदा न्याहारीला त्यानं मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं, शेजारी शाळा आहे का? दुपारी एक म्हातारी बाई कुणाला तरी परक्या भाषेतलं अंगाईचं गाणं शिकवते. एक म्हातारा तिच्यामागून म्हणतो. चुकला की टक्, आणि पुन्हा पहिल्यापासून.

वेनान्सियो इतका हसला की त्याच्या हातातली मक्याची तोर्तिया खाली पडली. “बसा आता, आबा,” तो भिंतीकडे बघून म्हणाला.

“पण काल,” दोयुन म्हणाला, “त्यानं ते पूर्ण म्हटलं. एकदाही चुकला नाही. मग बाईंचा आवाज आलाच नाही. आणि त्यानं मला विचारलं... तुझी आई तुला काय म्हणून हाक मारते?”

मग तोमासा उठली. घाबरली नव्हती ती, बाह्या सारत होती. आईच्या भाषेत खणखणीत म्हणाली, “वारा आहे का बघा.” आणि खुंटीवरचा पतंग काढायला वळली.

दारं बंद होती, पानही हलत नव्हतं. पतंग खुंटीवर घुमत होता, आणि त्याचा सुटा दोर मागच्या खोलीकडे ताठ ताणला गेला होता, जणू आतून मास्तरांनीच त्याचं टोक धरलं होतं.