न कुजणारी सालं

एकवीस दिवस झाले तरी केळ्याची सालं कुजायचं नाव घेत नव्हती. काळी पडली होती, एवढंच. दुधीची सालं, कोथिंबिरीच्या काड्या, सगळं जागच्या जागी. डब्यात डोकावून शाल्मली रडकुंडीला आली.

शाल्मली दहा वर्षांची, राहायला चंद्रावरच्या वस्तीत. तिला बागेतला एक वाफा मिळाला होता, पण त्यातल्या चंद्राच्या धुळीत पालक खुरटला. बागेच्या प्रमुख पेडणेकरबाईंनी निक्षून सांगितलं होतं, की तीन महिन्यांत वाफा हिरवा झाला नाही तर तिथे सामानाची खोली बांधायची. म्हणून तर तिने स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट (कुजवून केलेलं खत) करायला घेतलं होतं.

तिचे त्र्यंबकआजोबा मृदाशास्त्रज्ञ (मातीचा अभ्यास करणारे) होते. काय काय केलंस ते पहिल्यापासून सांग, म्हणाले. तिने सांगितलं: सालं गोळा केली, बारीक चिरली, मग रीतीप्रमाणे शुद्धिपेटीत घातली. स्वयंपाकघराबाहेर जाणारी प्रत्येक वस्तू त्या पेटीतल्या कडक वाफेतून काढायची, हा वस्तीचा शिरस्ता होता.

आजोबा पोट धरधरून हसले. "अगं, पानं वाढलीस आणि जेवणाऱ्यांनाच हाकलून दिलंस की!"

हे जेवणारे म्हणजे सूक्ष्मजीव (डोळ्यांना न दिसणारे इवलेसे जीव). तेच सालं खाऊन त्यांचं खत करतात. वाफेने ते सगळे मेले, मग कुजवणार कोण?

"दूध तापवलं, कोमट केलं, पण विरजणच लावलं नाही, तर दही लागेल का?" आजोबांनी विचारलं.

शाल्मलीने मान हलवली. मग विरजण आणायचं कुठून? मोठ्या बागेत पृथ्वीवरून आणलेली जुनी, जिवंत माती होती. ती वाफेतून न काढता बाहेर न्यायची, म्हणून आजोबांनी वस्तीच्या डॉक्टरांची रीतसर परवानगी काढली आणि तिथली दोन मुठी माती सालांत मिसळली. जोडीला वाळकी पानं घातली, कारण नुसत्या ओल्या सालांचा चिखल होऊन घाण सुटते. वर थोडं पाणी शिंपडलं. त्या जिवांनाही हवा लागते, म्हणून दर दोन दिवसांनी ढीग खालीवर करायचं काम शाल्मलीकडे आलं.

चौथ्या दिवशी तिने ढिगात हात घातला आणि झटकन मागे घेतला. आतून चांगलाच गरम! जेवणारे कामाला लागले होते. पाच आठवड्यांनी सालं ओळखू येईनात. हाताला लागलं ते काळंभोर, भुसभुशीत खत. ते वाफ्यात मिसळून तिने पालक पुन्हा पेरला.

तीन महिने भरले त्या सकाळी पेडणेकरबाई आल्या. पालक जेमतेम वीतभर होता, पण हिरवागार. बाईंनी पानांकडे नीट पाहिलंही नाही. वाकून चिमूटभर माती उचलली, नाकाशी धरली आणि कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. अकरा वर्षांत त्या पृथ्वीवर गेल्या नव्हत्या.

शाल्मलीचा जीव टांगणीला लागला.

शेवटी बाईंनी विचारलं, "आमच्याकडची सालं किती वाजता आणून देऊ?"