कुड्याच्या डोंगरावर ऐकलेला आवाज

आधी आवाज आला, माणूस नंतर दिसला.

कुड्याच्या लेण्यांकडे चढताना प्रांजली दम खायला थांबली होती. डिसेंबरातलं कोवळं ऊन, खाली खाडीला भरती… तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, जरा वाट देता का? पाण्याचं ओझं आहे."

साधंच बोलणं. पण प्रांजलीने आवाज ओळखला. हा आवाज ती साडेचार वर्षं विसरली नव्हती.

ती वळली. सावळा, उंच, दोन्ही हातांत पाण्याचे कॅन. चेहरा मात्र अनोळखी. तो तिच्याकडे बघून मोकळं हसला आणि पुढे गेला.

"हा हर्षद, माझा कॉलेजचा मित्र," मागून येणारा विवेक म्हणाला. "दिवेआगरला सुपारीची वाडी आहे याची. म्हटलं, चल आमच्याबरोबर."

विवेकची बायको भक्ती आणि प्रांजली तळा गावच्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. सकाळी कुड्याची लेणी, दुपारी तळगड, असा रविवारचा बेत होता. दोघींना एकत्र सुट्टी मिळायला महिने लागले होते. आता परत फिरायचं तर भक्तीला काय कारण सांगणार? प्रांजली मुकाट्याने चढू लागली.

लेण्याच्या दाराशी हर्षदने तिच्यापुढे पाणी धरलं. "तुम्ही फार कमी बोलता."

"अनोळखी माणसांशी कमीच बोलते."

"मग ओळख करून घेऊ की."

तिने पाणी घेतलं आणि ती आत शिरली.

आत गारवा होता. भिंतीवरच्या बुद्धमूर्तीपुढे प्रांजली हात जोडून उभी राहिली. डोळे उघडले तेव्हा हर्षद चपला बाहेर काढून, अनवाणी, तिच्यामागे चार पावलांवर थांबला होता.

"आमच्याकडे म्हातारी माणसं ह्यांना पांडवांची लेणी म्हणतात," तो हळूच म्हणाला.

"मला वाढवलं ते माझे आजोबा रामजी दर बुद्धपौर्णिमेला इथं येतात. आता गुडघे साथ देत नाहीत, तरी येतात."

"म्हणजे आज मला कळलं… मी कुणाच्या घरी आलोय."

एवढ्या सरळपणे तो बोलला की प्रांजलीला त्याच्याकडे बघावंच लागलं. मग तिनेच त्याला शिलालेख दाखवले. "इथलं एक लेणं एका माळ्याने दान दिलंय. दोन हजार वर्षं झाली असतील."

"मग आमच्यातलाच. आम्हीही झाडंच लावतो." तो पुन्हा हसला. "निम्मी वाडी नव्याने उभी करतोय. वादळात झोपली होती ना."

वादळाचं नाव निघालं आणि प्रांजलीचा निश्चय झाला. भक्ती आणि विवेक पलीकडच्या लेण्यात फोटो काढत होते.

"तुमच्या वडिलांचं नाव अंबाजी… ना?"

हर्षदच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"तीन जूनला, वादळाच्या दिवशी, दवाखान्यात मी होते."

हर्षद तिच्या डोळ्यांकडे बघत राहिला.

"करोनाचे दिवस, तोंडाला मास्क होता," शेवटी तो म्हणाला. "तुमचा चेहरा मी पाहिलाच नाही."

"मीही तुमचा पाहिला नव्हता. फक्त आवाज…"

त्या दुपारी दिवेआगरजवळच्या छोट्या दवाखान्यात प्रांजली एकटी होती. वारा पत्रे उचलत होता. हर्षद आणि एक शेजारी अंबाजींना घराच्या काढलेल्या दारावर निजवून घेऊन आले. गोठ्याशी सुपारीचं झाड अंगावर पडलं होतं. पोटात रक्तस्राव चालू होता आणि तिच्याजवळ सलाईनपलीकडे काही नव्हतं. फोन बंद, प्रत्येक रस्त्यावर झाडं आडवी. त्यांना मोठ्या दवाखान्यात न्यायच्या गाडीला वाट करायला हर्षद करवत घेऊन धावला. तो परतला तेव्हा अंबाजी गेले होते. तो तिच्यावर ओरडला होता, "काही येत नव्हतं तर इथं बसलात कशाला? माझा बाप तुम्ही मारला." आणि वडिलांना घेऊन निघून गेला होता.

वर्षभरात प्रांजलीने बदली मागून घेतली. ते वाक्य मात्र तिच्याबरोबरच तळ्याला आलं.

"मी दोनदा आलो होतो तिथं," हर्षद आता खाली बघत म्हणाला. "बदली झाली म्हणाले. डॉक्टरांनी नंतर समजावलं, मुंबईत असते तरी वाचणं कठीण होतं. माफी मागायची होती… तुमचं नावही माहीत नव्हतं." तो भिंतीलगतच्या दगडी बाकावर टेकला. "खरं सांगू? राग तुमच्यावर नव्हता. गाय सोडा म्हणून त्यांना गोठ्यात मीच पाठवलं होतं."

प्रांजली त्याच्या शेजारी बसली.

"ते शुद्धीवर होते. तासभर तरी. मी हात धरून बसले होते. सारखं विचारत होते, 'गाय सुटली का?' मी म्हटलं, सुटली. मग म्हणाले, 'पोराला सांगा, दावं मी कापलं. त्यानं सांगितलं नसतं तरी मी गेलोच असतो. मुकं जनावर हाय.'"

हर्षदने तोंडावर हात ठेवला.

"आणखी एक म्हणाले." प्रांजली त्याच्याकडे वळली. "म्हणाले, 'बाई, माझा पोरगा घाबरला की वाकडं बोलतो. बोलला तर मनावर घेऊ नका.' मी मात्र घेतलं… तुम्हाला हे सांगायला हवं होतं. हिंमतच झाली नाही."

तो रडला. आवाज न करता, बराच वेळ. भक्ती दाराशी येऊन काही न विचारता मागे फिरली.

दुपारी तळगडावर चढताना ते दोघे मागे राहिले. सुकलेलं गवत पायांत सळसळत होतं. एका अवघड जागी त्याने हात पुढे केला; तिने तो धरला, आणि वाट सोपी झाल्यावरही… लगेच सोडला नाही.

माथ्यावर पाण्याच्या टाक्याशी बसल्यावर तो म्हणाला, "बाबांचे शब्द आईला तुम्ही सांगाल? माझ्याच्याने व्हायचं नाही. घरी याल?"

"काय म्हणून येऊ?"

त्याने वेळ घेतला. "आज तरी… त्यांच्याजवळ होतात म्हणून. पुढचं तुम्ही ठरवा."

"फार लांबचं बोलता हो तुम्ही."

"सुपारी लावणारा माणूस. पाच-सहा वर्षं वाट बघायची सवय असते."

त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली.

पुढच्याच रविवारी ती दिवेआगरला गेली. हर्षदच्या आईने, मनुबाईंनी, नवऱ्याचे शब्द दोनदा सांगायला लावले आणि पदर डोळ्यांना लावून तिला जेवायला वाढलं. मग रविवार वाढत गेले. मार्चमध्ये नव्या रोपांना पाणी घालता घालता हर्षद म्हणाला, "माझं मन तुमच्यापाशी आहे. लेण्यात तुमच्या शेजारी बसलो, तेव्हापासून."

"माझंही," प्रांजली म्हणाली. "पण तुमच्या घरी आमची जात चालायची नाही. पाहुणी म्हणून वाढलेलं ताट वेगळं, सून म्हणून वेगळं. आधी आईंना विचारा."

त्याने विचारलं. मनुबाई तीन दिवस बोलल्या नाहीत. भाऊबंद घरी येऊन बसले. त्या रविवारी प्रांजली दिवेआगरला गेली नाही आणि कामात मन घालू लागली. लागेना.

चौथ्या दिवशी तळ्याच्या दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत मनुबाई उभ्या होत्या. दोन एसट्या बदलून एकट्याच आलेल्या.

"काय होतंय आई?" प्रांजलीने घाबरून विचारलं.

"मला काय होतंय? काही न्हाय." त्या बाकावर टेकल्या. "भाऊबंद म्हणाले, लोकांत तोंड दाखवायला जागा ऱ्हाणार न्हाय. मी विचारलं, त्या दिवशी माझा माणूस एकटा पडला व्हता, तवा तुमच्यातला कोण त्याच्यापाशी बसला? एक बोलला न्हाय." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "मला वाईट वाटलं ते निराळंच. तीन दिवस लागले मला हे बोलायला. तेवढे लागायला नको व्हते."

प्रांजलीने त्यांचा हात हातात घेतला.

"तुझ्या आजोबांकडे मागणी घालायला कधी येऊ, तेवढं सांग," मनुबाई म्हणाल्या. "आणि रांगेत माणसं खोळंबलीत. आधी त्यांना बघ. मी बसते हितं."